फिटची गोळी आणि पोटाची कुरकुर

मराठीत ‘पित्त’ या शब्दाइतका राबता शब्द दुसरा नसेल. छातीत जळजळलं की पित्त, डोकं चढलं की पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्त, आणि सकाळी दात घासताना उमासे आले तर ते पित्तच. फिटच्या गोळ्या चालू असलेला माणूस सरकारी ओपीडीत डॉक्टरांसमोर बसतो. “फिट आली का मध्ये?” “नाही.” “गोळ्या वेळेवर?” “हो.” “आणखी काही?” “थोडं पित्त होतं.” केस पेपरवर ॲसिडिटीची एक गोळी वाढते आणि पुढचा नंबर पुकारला जातो.

त्या ‘थोड्या पित्ता’त काय काय असू शकतं, हे मला माझ्या एका मावशीमुळे कळलं. एस.टी.त मळमळतं म्हणून प्रवासाच्या दिवशी सकाळची गोळी ती घेतच नसे. घरात कुणाला पत्ता नव्हता आणि डॉक्टरांनी कधी विचारलं नव्हतं. तिच्या मते ती गोळी चुकवत नव्हती, ‘पोट सांभाळत’ होती. एका लग्नाला जाताना स्टँडवरच फिट आली तेव्हा हिशेब लागला. मग सगळ्यांनी तिलाच रागावून घेतलं, जसं आपल्याकडे होतं.

जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे आणि त्यांतले जवळपास ८० टक्के आपल्यासारख्या कमी किंवा मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. योग्य उपचार मिळाले तर ७० टक्क्यांपर्यंत लोक फिटशिवाय जगू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मग गोळ्या सुटतात त्या का? खर्च, विसरभोळेपणा, लग्न जमवतानाची लपवाछपवी ही कारणं लगेच पुढे येतात. पोट मागे राहतं, कारण ते सांगण्यासारखं वाटत नाही. पण दिवसातून दोनदा, वर्षानुवर्षं जी गोष्ट गिळायची आहे ती गिळली की ढवळून येत असेल, तर हात हळूहळू मागे येणारच. आणि ही औषधं एकदम थांबली तर एकामागून एक फिट येऊन माणूस शुद्धीवरच न येण्याची वेळ येऊ शकते. त्यामुळे पोटाचा त्रास ही या उपचारातली किरकोळ बाब नाही.

औषधाने पोट बिघडतं ते मुख्यतः तीन ठिकाणांहून. पहिलं ठिकाण जठर. गोळी तिथे विरघळते आणि आतलं अस्तर चाळवतं. दुसरं ठिकाण पोटात नाहीच, ते मेंदूच्या तळाशी आहे. रक्तात औषधाची पातळी एका मर्यादेपलीकडे गेली की तिथलं उलटीचं केंद्र जागं होतं, मग जठर कितीही शांत असो. तिसरं ठिकाण यकृत, स्वादुपिंड आणि रक्तातले क्षार. इथला बिघाड दुर्मीळ, पण धोक्याचा. तिन्हीकडून येणारी तक्रार सुरुवातीला सारखीच दिसते: मळमळ, जेवणावर वासना नाही, उलटी. फरक कळतो तो घड्याळावरून. रिकाम्या पोटी गोळी घेतल्यावर दहा-वीस मिनिटांत जळजळ सुरू झाली तर संशय जठरावर. तास-दोन तासांनी मळमळ आली, सोबत चक्कर, एकाचे दोन दिसणं, पाय लटपटणं असेल, तर रक्तातली पातळी चढली आहे. आणि गोळीच्या वेळेशी काही संबंध नसताना दिवसेंदिवस भूक मरत चालली, माणूस सुस्त पडत गेला, तर तिसरीकडे बघायला हवं. म्हणून ‘काय होतं’ याच्या जोडीला ‘केव्हा होतं’ हे सांगितलं, तर डॉक्टरांचं निम्मं काम होतं. ‘पित्त’ या शब्दात नेमकं हे ‘केव्हा’च हरवतं.

आणखी एक घड्याळ आहे, महिन्यांचं. औषध नव्याने सुरू झाल्यावर किंवा डोस वाढल्यावर येणारी मळमळ बहुतेकांची काही आठवड्यांत ओसरते. म्हणून डॉक्टर छोट्या डोसने सुरुवात करून टप्प्याटप्प्याने वाढवतात. तो सावकाशपणा पेशंटला वेळकाढूपणा वाटतो, पण त्यात पोटाचीही सोय असते. उलट, वर्षभर सुखाने चाललेल्या गोळीने अचानक उलट्या होऊ लागल्या तर काहीतरी बदललेलं असतं: कंपनी, डोस, सोबतचं दुसरं औषध किंवा शरीर.

आता एकेका औषधाकडे. व्हॅलप्रोएटला जास्त जागा द्यावी लागेल, कारण ते आपल्याकडे भरपूर वापरलं जातं आणि पोटाशी त्याचं वाकडंही जास्त. याचा जन्मच गमतीदार आहे. व्हॅलप्रोइक आम्ल हा तेलकट द्रव १८८२ सालीच तयार झाला होता आणि पुढे बरीच वर्षं प्रयोगशाळेत दुसरी औषधं विरघळवायला वापरला जाई. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्समधल्या ग्रनोबल इथे पिएर एमार हा संशोधक काही वेगळीच रसायनं त्यात विरघळवून तपासत होता. बघतो तर त्यात काहीही घाला, जनावरांच्या फिट थांबतात! गुण रसायनांचा नव्हता, द्रवाचा होता. १९६७ साली फ्रान्समध्ये ते औषध म्हणून बाजारात आलं.

पण शेवटी ते आम्ल. साधं व्हॅलप्रोएट जठरात उतरलं की मळमळ, जळजळ, कधी पोटात कळ. यावरची पहिली तोड म्हणजे गोळीवर असं आवरण चढवणं, की ती जठरातून तशीच पुढे सरकावी आणि आतड्यात विरघळावी. दुसरी म्हणजे डायव्हॅलप्रोएक्स हे जोडरूप. तिसरी, हळूहळू औषध सोडणारी गोळी, जिच्या नावापुढे ‘क्रोनो’, ‘सीआर’ किंवा ‘ईआर’ असं शेपूट असतं. साध्या गोळीने ज्याचं पोट बिघडतं त्याला या रूपांतल्या एखादीवर नेता येतं का, हा डॉक्टरांना विचारण्यासारखा पहिला प्रश्न. मात्र आवरण असलेली किंवा हळू सुटणारी गोळी कुटून, चावून, पाण्यात विरघळवून घेतली तर केलेली सगळी सोय वाया जाते आणि एका वेळी सगळं औषध अंगावर येतं. काही गोळ्या मधल्या रेघेवर अर्ध्या करता येतात, पण पूड नाही. गिळताच येत नसेल तर सिरप आहे.

व्हॅलप्रोएट जेवणासोबत घेतलं तर जरा उशिरा शोषलं जातं, पण एकूण शोषलं जाणारं प्रमाण फारसं घटत नाही. म्हणजे पोटात काहीतरी असणं हा इथे निव्वळ फायदा. ‘काहीतरी’ म्हणजे पोळी-भाजी, भाकरी, पेजेची वाटी. नुसता कडक चहा नव्हे. सकाळी उठल्या उठल्या चहासोबत गोळी ही आपल्या घरांची रीत, आणि अर्ध्या तक्रारींचं मूळ तिथेच असावं असा माझा अंदाज आहे. गोळी न्याहारीच्या मधोमध घ्यावी: दोन घास आधी, दोन घास नंतर.

या औषधाचा दुसरा त्रास उलट्या दिशेचा. भूक वाढते आणि काहींचं वजन झपाट्याने चढतं. कॉलेजातल्या मुलींना तो मळमळीपेक्षा जास्त खुपतो आणि त्यापायी त्या गुपचूप गोळी अर्धी करतात. अर्धी करण्याऐवजी बोलावं. मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांसाठी तर व्हॅलप्रोएटबद्दल तसंही बोलणं गरजेचं आहे, कारण त्यापासून गर्भाला धोका असतो हे ठाऊक आहे आणि शक्य तिथे दुसरं औषध निवडलं जातं. पण दिवस राहिल्याचं कळल्यावर घाबरून स्वतःच गोळी थांबवणं हाही मोठाच धोका. दिवस राहण्याआधी बोलणं झालेलं बरं.

आता तिसरं ठिकाण. व्हॅलप्रोएटमुळे क्वचित यकृताला गंभीर इजा होते. हा धोका दोन वर्षांखालच्या, एकाहून जास्त फिटची औषधं घेणाऱ्या बाळांत सर्वाधिक असतो आणि बहुधा पहिल्या सहा महिन्यांत. त्याहून निराळं म्हणजे स्वादुपिंडाला सूज. पोटाच्या वरच्या भागात असह्य कळ, ती पाठीपर्यंत जाते, उलट्या थांबत नाहीत. ही वेळ ओवा चावत बसण्याची नाही, इस्पितळ गाठण्याची. कधी यकृताच्या नेहमीच्या तपासण्या ठीक येतात, पण रक्तात अमोनिया चढलेला असतो. माणूस उलट्या करतो आणि गुंगीत गेल्यासारखा बोलतो. व्हॅलप्रोएटवरचा पेशंट पोट बिघडून सुस्तावला तर ‘अशक्तपणा आला असेल’ म्हणून झोपू देऊ नये.

औषध म्हणून फेनिटॉइन याहून जुनं. १९३८ साली बॉस्टनच्या मेरिट आणि पटनम यांनी त्याचा गुण दाखवला आणि गुंगीत न लोटता फिट रोखता येतात हे जगाला पटलं. आपल्याकडे एप्टॉइन या नावाने ते खेड्यापाड्यांत माहीत आहे. त्याची खोड अशी की यकृताची ते हाताळण्याची क्षमता लवकर भरते. एका मर्यादेनंतर डोस चिमूटभर वाढला तरी रक्तातली पातळी उडी मारते. मग उलट्या, झोकांड्या, डोळ्यांची बुबुळं थरथरणं. लोकांना वाटतं ‘दारू प्यायलाय’ किंवा ‘पित्त डोक्यात गेलं’. ही जठराची तक्रार नसतेच, त्यामुळे अँटासिड पिऊन काही साधत नाही. उलट नुकसानच होतं, कारण अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमची पांढरी, पुदिन्याच्या चवीची अँटासिडं फेनिटॉइनचं शोषण घटवू शकतात. गॅबापेन्टिनचंही तसंच. अँटासिड आणि या गोळ्या यांच्यात निदान दोन तासांचं अंतर हवं.

फेनिटॉइनच्या सिरपची गोष्ट तर प्रत्येक घरात सांगावी अशी. औषध बाटलीच्या तळाशी बसतं. न हलवता ओतलं तर पहिल्या आठवड्यात मुलाला पाण्यासारखं पातळ औषध जातं आणि शेवटच्या आठवड्यात घट्ट साका. आधी फिट येतात, मग उलट्या होतात, आणि बाटली तीच असते. बाटली जोरात हलवायची आणि चहाच्या चमच्याऐवजी खुणा असलेल्या मापाने मोजायचं. अर्धांगाच्या झटक्यानंतर नाकातल्या नळीने पोषण चालू असलेल्या पेशंटलाही हे औषध पोषणाबरोबरच दिलं तर नीट शोषलं जात नाही. मध्ये किती थांबायचं ते वॉर्डातल्या सिस्टरला विचारून घ्यावं. पचनाचा रस्ता तोंडापासून सुरू होतो, म्हणून हेही इथेच: फेनिटॉइनने हिरड्या सुजून दातांवर चढतात. दोन वेळचा ब्रश आणि दंतवैद्याची फेरी यांनी ते बरंच आटोक्यात राहतं.

कंपनी बदलण्याबद्दल एक जुना धडा आहे. १९६८च्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये फेनिटॉइन घेणारे बरेच लोक अचानक झोकांड्या खात, ओकत दवाखान्यात येऊ लागले. डोस तोच होता. कॅप्सूलमध्ये औषधासोबत भरायची पूड तेवढी बदलली होती, कॅल्शियम सल्फेटच्या जागी लॅक्टोज. त्यामुळे औषध जास्त शोषलं जाऊ लागलं. यावरून स्वस्त जेनेरिक वाईट असा अर्थ काढू नये. जेनेरिक औषधांनी लाखो घरांचं कंबरडं वाचवलं आहे. पण मेडिकलवाला “ही नाहीये, दुसऱ्या कंपनीची देतो, तेच आहे” म्हणतो तेव्हा तारीख आणि नाव लिहून ठेवावं. पंधरा दिवसांनी पोट बिघडलं तर ती नोंद उपयोगी पडते.

कार्बामाझेपिन, म्हणजे टेग्रिटॉल आणि त्याची भावंडं, पहिल्या आठवड्यांत मळमळ आणि चक्कर आणतं. जेवणासोबत घेतलं आणि हळू सुटणारी गोळी असली की रक्तातली पातळी एकदम वर चढत नाही आणि बहुतेकांचं निभावतं. त्याचा आणि विशेषतः ऑक्सकार्बाझेपिनचा लपलेला त्रास म्हणजे रक्तातलं सोडियम उतरणं. मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं वागणं, वयस्कर माणसात तर ‘आजोबा आज काहीतरीच बोलतायत’. त्यातच जुलाब लागले आणि घरच्यांनी साधं पाणी पाजत ठेवलं तर सोडियम आणखी पातळ होतं. अशा वेळी साध्या पाण्याऐवजी ओआरएस, तेही पाकिटावर लिहिलेल्या मापातच पाणी घालून, आणि लक्षणं राहिली तर रक्ताची तपासणी.

कार्बामाझेपिनच्या बाबतीत पोटाचा उपचारच पोट बिघडवतो अशी एक विचित्र साखळी आहे. जठरातल्या जंतूसाठी दोन आठवड्यांचा कोर्स देतात, त्यात बहुधा क्लॅरिथ्रोमायसिन असतं. ते कार्बामाझेपिन शरीराबाहेर जाण्याची वाट अडवतं, पातळी चढते आणि पेशंट ओकायला लागतो. घरचे म्हणतात, ॲसिडिटीचं औषध सोसलं नाही. टीबीच्या गोळ्यांतलं आयसोनायाझिड फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन दोन्हींची पातळी वाढवू शकतं, तर रिफॅम्पिसिन ती उतरवतं. एकाच कोर्समधल्या दोन गोळ्या एकमेकींविरुद्ध ओढतात. आणि पोटातल्या मोठ्या संसर्गासाठी दाखल झालेल्याला मेरोपेनेम दिलं तर व्हॅलप्रोएटची पातळी झपाट्याने कोसळते. म्हणून दाखल होताना गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत घालून न्यावीत. ‘फिटची एक पांढरी गोळी’ एवढ्यावरून कुणालाच काही कळत नाही.

बाकीच्यांचं थोडक्यात. लेव्हेटिरासेटाम पोटाशी बरंच सलोख्याने राहतं, ते स्वभावावर जातं. लॅमोट्रिजिनने थोडी मळमळ होऊ शकते, पण त्याची खरी भीती अंगावरच्या पुरळाची. लॅकोसामाइडची मळमळ चक्करेसोबत येते आणि डोसाप्रमाणे वाढते. इथोसक्सिमाइडने पोटदुखी आणि उचक्या लागतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत क्षणिक भान हरपण्याच्या फिट असलेल्या ४५३ मुलांत ते व्हॅलप्रोएटइतकंच गुणकारी ठरलं आणि एकाग्रतेवर त्याचा परिणाम कमी दिसला. म्हणजे इथे पोट आणि अभ्यास यांची तुलना करावी लागते, आणि ती आईबापांना सोबत घेऊनच व्हावी. क्लोबाझाम आणि प्रीगॅबालिन यांनी बद्धकोष्ठता होऊ शकते. जुनं, स्वस्त गार्डिनल गुंगीसाठी बदनाम आहे, पोटासाठी फारसं नाही.

टोपिरामेट आणि झोनिसामाइड भूक मारतात. टोपिरामेटवर असलेल्याला सोडा पाणचट, बेचव लागतो. जिभेवर सोड्याची झणझण ज्या विकरामुळे जाणवते तेच हे औषध अडवतं. कॉलेजातल्या एका मुलाने मला हे सांगितलं तेव्हा मी ती कल्पना समजलो होतो, नंतर वाचून खजील झालो. याच गुणामुळे मुतखडेही होतात. तेव्हा टोपिरामेटवर असलेल्याच्या कुशीत कळ आली तर ‘गॅस धरला’ म्हणून शेकत बसू नये. या दोन्ही औषधांनी घाम कमी येऊ शकतो, विशेषतः मुलांना. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पाणी आणि सावली यांची काळजी दुप्पट घ्यावी लागते.

आता आपल्या घरातल्या डबीत काय काय आहे ते पाहू. पोटदुखीला थेंबभर अमृतधारा ही कित्येक घरांची परंपरा. ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल आणि कापूर मिळून ती होते. कापूर पोटात गेल्याने फिट येऊ शकते हे वैद्यकात चांगलं नोंदलेलं आहे. ज्याला मुळातच आकडी येते त्याच्या पोटदुखीवर ही बाटली उघडूच नये. आले, ओवा, बडीशेप, लिंबू-साखर-मीठ यांना माझी हरकत नाही. त्यांनी तोंडाला चव येते. मिऱ्यातलं पिपरीन फेनिटॉइनची रक्तातली पातळी वाढवतं असं चंडीगढच्या संशोधकांना पेशंटमध्ये आढळलं आहे. आमटीतल्या चार मिऱ्यांनी काही बिघडत नाही, पण पचनासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या तीव्र चूर्ण-कॅप्सूलबद्दल विचारून घ्यावं. बुद्धीला चांगलं म्हणून मुलांना देतात त्या शंखपुष्पीच्या सिरपाने फेनिटॉइनची पातळी घटते, हे मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या औषधशास्त्रज्ञांनी १९९२ सालीच मांडलं होतं. कुणाची चेष्टा करण्यासाठी हे सांगत नाही. वैद्यांकडे जावं, पण गोळ्यांची यादी दाखवावी.

मेडिकलमधून हातोहात मिळणारी औषधं घरच्या काढ्यांपेक्षा जास्त घातक. उलटी थांबवायला मेटोक्लोप्रामाइड किंवा प्रोक्लोरपेराझिन मागून घेतलं जातं. ही दोन्ही अपस्माराच्या पेशंटमध्ये टाळण्यासारखी आहेत. डॉक्टर बहुधा ऑन्डान्सेट्रॉनसारखं काही निवडतात. जुलाबावर तर ‘ओफ्लॉक्स-ओझेड’ आपल्याकडे जिरा गोळीसारखं खातात. त्यातलं ओफ्लॉक्सासिन ज्या गटातलं आहे तो गट फिट येण्याचा उंबरठा खाली आणतो, आणि साध्या जुलाबाला बहुतेक वेळा प्रतिजैविकाची गरजच नसते. म्हणजे ओआरएसने बरा झाला असता अशा माणसाला फिट आणून ठेवायची. बद्धकोष्ठतेवर पालेभाजी, मोड आलेली कडधान्यं, पाणी यांनी सुरुवात करावी. इसबगोल घ्यायचं तर गोळीपासून दोन तास दूर ठेवावं.

उपवास हा विषय डॉक्टर टाळतात, पेशंटही टाळतात. संकष्टीला चंद्रोदय कधी कधी रात्री नऊच्या पुढे जातो, आणि आठची गोळी मग एकतर रिकाम्या पोटी किंवा चंद्राची वाट बघत उशिरा. दुसऱ्या दिवशीची ‘उपासाने झालेली ॲसिडिटी’ ही त्या गोळीची असते. निर्जळी उपास फिटच्या औषधांवर असलेल्याने करू नये, हे माझं स्पष्ट मत. इतर उपासांना गोळीच्या वेळी राजगिऱ्याची वडी, केळं, ताक चालतंच की. साबुदाण्याची तेलकट खिचडी मात्र आधीच ढवळणाऱ्या पोटाला जड. रमजानचे रोजे धरणाऱ्यांनी सहेरी आणि इफ्तारच्या वेळांत बसतील अशा हळू सुटणाऱ्या गोळ्यांबद्दल महिनाभर आधी विचारावं. ऐन वेळी नव्हे.

पोटाशी अपस्माराचं आणखी एक जुनं नातं आहे. मेंदूत जंतांच्या गाठी झाल्याने येणाऱ्या फिट आपल्या देशात पुष्कळ दिसतात. डुकराच्या फीतकृमीची अंडी न धुतलेल्या भाज्यांतून, घाणेरड्या हातांतून पोटात जातात, त्यामुळे माळकऱ्यालाही तो आजार होतो. त्यावरचं अल्बेंडाझोल स्निग्ध जेवणासोबत चांगलं शोषलं जातं, तेव्हा वरण-भातावर तूप इथे खरंच औषधाचा भाग आहे. पण सोबत स्टिरॉइड असतं, तेही पोट जाळतं, आणि फिटची गोळी असतेच. अशा पेशंटला जोराच्या उलट्या आणि वाढती डोकेदुखी झाली तर कारण पोट नसून मेंदूवरची सूज असू शकते.

आणि कधी तर ‘पोटाचा त्रास’ हीच फिट असते. मेंदूच्या कानाजवळच्या भागातून निघणाऱ्या फिटमध्ये सुरुवातीला पोटातून काहीतरी वर चढत घशाशी येतंय असं वाटतं. जत्रेतल्या पाळण्यात खाली येताना होतं तसं. पेशंट त्याला ‘गोळा उठतो’ म्हणतात, आणि वर्षानुवर्षं गॅसच्या गोळ्या खातात. लहान मुलांत एक प्रकार असा आहे की मूल रात्री झोपेतून उठून ओकतं, पांढरं पडतं, नजर एका बाजूला वळते आणि प्रतिसाद देत नाही. पानायिओटोपुलोस या डॉक्टरच्या नावाने तो ओळखला जातो. नुसतं अपचन आणि अशा फिट वेगळ्या करायच्या तर एक महत्त्वाची ओळख: दर वेळी साधारण तेच, तसंच. मोबाइलवर एक चित्रफीत काढून ठेवली तर डॉक्टरांना दहा प्रश्न कमी विचारावे लागतात.

राहिला आईबापांचा नेहमीचा प्रश्न: गोळी घेतली आणि उलटी झाली, आता काय? ढोबळ रीत अशी की अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर, विशेषतः गोळी उलटीत दिसत असेल तर, तोच डोस पुन्हा देतात. त्यानंतर झाली तर पुन्हा देत नाहीत, पुढच्या वेळेची वाट बघतात. पण फेनिटॉइनसारख्या उडी मारणाऱ्या औषधाला एक नियम आणि लेव्हेटिरासेटामला दुसरा असू शकतो. शिवाय नुकतीच फिट येऊन गेलेल्या, पुरता शुद्धीवर न आलेल्या माणसाच्या तोंडात गोळी, पाणी काहीच घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. एका दिवसात दोन डोस उलटून पडले तर घरी तिसरा प्रयोग न करता दवाखाना.

दवाखान्यात एक शाळेची वही न्यावी. गोळीची वेळ, जेवणाची वेळ, मळमळीची वेळ, शौच, आठवड्याला एकदा वजन. पंधरा दिवस पुरेत. त्यावरून डॉक्टरांना बरंच काही करता येतं: सकाळचा डोस लहान आणि रात्रीचा मोठा, दोनाऐवजी तीन भाग, हळू सुटणारं रूप, डोस वाढवण्याचा वेग कमी, किंवा औषधच बदलणं. बदलायचं ठरलं तर जुनं हळूहळू उतरवत नवं चढवतात, त्यात काही आठवडे जातात आणि त्या काळात पोट दोन्ही औषधांचं ऐकत असतं. हे आधी माहीत असलं की माणूस घाबरून दोन्ही सोडत नाही. वहीच्या पहिल्या पानावर डॉक्टरांकडूनच तीन ओळी लिहून घ्याव्यात: उलटी झाली तर किती वेळापर्यंत डोस पुन्हा द्यायचा, मळमळीवर कोणती गोळी चालेल, आणि रात्री दोन वाजता कावीळ, असह्य पोटदुखी किंवा न थांबणारी उलटी झाली तर कुठे जायचं.